आत्याचा चुकीचा भूगोल
आत्या बाबांपेक्षा मोठी. बाबा भूगोलाचे मास्तर. दोघं एका खोलीत आली की वाद ठरलेला. आत्या काहीतरी ठोकून देणार, बाबा ते सुधारणार, आणि आत्या मरेस्तोवर हार मानणार नाही. असं जन्मभर चाललेलं.

गेल्या वर्षी बाबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. खामगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं, की साकळलेल्या रक्ताभोवती सूज आलीय. रक्तदाब आवरायचं औषध चालू आहे, आणि मॅनिटॉलची बाटली लावलीय, ती मेंदूतलं पाणी ओढून लघवीवाटे काढते. तेवढ्याने भागलं नाही तर कवटी उघडावी लागेल. माझी तर वाचाच बसली. आत्याची कशी बसेल?

"माह्या गुडघ्याच्या सुजीवर इंजेक्शन देल्लं होतं, ते काऊन नाई देत याले?"

"आजी, ते स्टेरॉइड. या सुजेला त्याचा उपयोग नाही, उलट अपाय होतो."

हे तिला पटणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे सूज म्हटली की आंबेहळद, मग ती घोट्याला असो की गालाला. दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेत ती एकटी आत गेली. ती बाहेर आली आणि मागोमाग सिस्टर ओरडत आली, "पेशंट पिवळा पडला!" डॉक्टर धावले, बाबांच्या पापण्या उघडून पाहिल्या, मग कपाळावर बोट फिरवून बोटाचा वास घेतला.

"वरून लेप देल्ला त काय बिघडलं?" आत्या साळसूदपणे म्हणाली. "तुमचं आतून चालू द्या."

सूज उतरत गेली, कवटी उघडावी लागली नाही, बाटली बंद झाली. निम्मं श्रेय आत्याने परस्पर घेतलं.

पण बाबा बोलेनात. आम्हाला ओळखत, डाव्या हाताने आमचा हात धरत, ओठ हलवत, शब्द मात्र निघत नसे. डॉक्टर म्हणाले, सुजेला औषध होतं, बोलणं आणायला बाटली नाही. व्यायाम करून घ्या आणि त्यांना उत्तर द्यावंसं वाटेल असं बोलत राहा. घरी आणल्यावर मी रोज पेपर वाचून दाखवायचो. बाबा डोळे मिटून घ्यायचे. त्यांचा आवाज आता कायमचा गेला, या विचाराने मला जेवण जात नसे.

मग आत्या मुक्कामाला आली. खाटेशी बसून तिने शिकवणी सुरू केली.

"कापसाची पेठ म्हंजे दुसरबीड. खामगावात काय हाय?"

बाबांच्या कपाळाला आठी.

"अन् वडनेर भोलजीले त समुद्र हाय म्हन्तात."

आठी आणखी खोल.

"आत्या, कायले छळून राह्यली त्यायले?" मी म्हटलं. तिने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

बरेच दिवस हा छळ चालला. एका दुपारी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "आपल्या नांदुऱ्याकडची पूर्णा पूर्वेले वाहते. मले पक्कं ठाऊक हाय."

बाबा लाल झाले. उशीवरून मान उचलली. ओठ कितीतरी वेळ नुसतेच थरथरत राहिले.

"प... पश्चिमेले," ते म्हणाले.

आत्याच्या हातातली भाजी खाली पडली.

"हाव रे भाऊ," ती म्हणाली, "तुह्यंच खरं," आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.