कारखानदाराचं कोरडं नाक

घरामागची एक खोली, पिसं सुकवायचा एक ब्लोअर, एक शिलाई मशीन आणि छताला टेकलेली पोती. एवढ्या संसारावर तो स्वतःला कारखानदार म्हणवून घ्यायचा. कारखाना उशांचा. पिसं सोड्याच्या पाण्यात उकळायची, सुकवायची, खोळी शिवायच्या, भरायच्या, हे सगळं बायको करायची. त्याच्याकडे फक्त कारखानदारी, म्हणजे दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला अक्कल शिकवणं. बायकोला पूर्वी त्याचा राग यायचा. आता तेवढी किंमतही ती त्याला देत नव्हती.

गावाबाहेरच्या पोल्ट्रीत कोंबड्या पटापट मरू लागल्या, तसं मालकाने उरलेल्या घाईघाईने कापून विकल्या. शहाणी माणसं ती वाट टाळू लागली. हा मात्र टेम्पो घेऊन तिकडेच गेला, कारण पिसं जवळजवळ फुकट मिळत होती आणि एका हॉटेलची मोठी ऑर्डर डोक्यावर होती.

"अहो, निदान उकळून तरी घेऊ या," बायको म्हणाली.

"उकळत बसलो तर ऑर्डर जाईल. तू मला धंदा शिकवू नकोस."

पिसं उडून जायला नकोत म्हणून त्याने खिडक्या बंद केल्या आणि ब्लोअर लावला. बारीक धूळ इतकी उठली की बल्बचा उजेड पिवळट दिसायला लागला. बायकोला त्या आठवड्यात साधी सर्दी झाली होती. ती शिंकली की समोरचा पिसांचा ढीग उडायचा.

"माल उडवतेस माझा! वर उशांना रोग लावशील. चालती हो इथून."

तिला हाकलून त्याने धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. बहीण भावाच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती, आणि वहिनीला नावं ठेवण्यात दोघांचं छान जमायचं. तिने तोंडाला फडकं बांधलं तर दादा हसला. तिने ते लगेच सोडून टाकलं.

काही दिवसांनी कारखानदाराला ताप भरला, अंग मोडून आलं, जिना चढताना धाप लागू लागली. पण नाक कोरडं ठणठणीत होतं आणि त्याचा त्याला कोण अभिमान! त्याच्या मते रोग नाकातूनच यायचा. नाक वाहत नाही त्याला काही झालेलं नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाकाघशाचा नमुना घेतला, त्यातही काही निघालं नाही. मग तर विचारूच नका.

"शिंकते ही, आणि तपासणी माझी!" तो शेजाऱ्यांना ऐकवायचा आणि वाक्य संपवता संपवता धापा टाकायचा. औषध नको, डॉक्टर नको. दुसऱ्या दिवशी ओठ निळे पडले तेव्हा बायकोनेच त्याला रिक्षात घालून मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीत खोलवरून नमुना काढला. दुपारी त्यांनी बायकोला मास्क आणि गाऊन घालून खाटेजवळ बोलावलं.

"हा पक्ष्यांचा फ्लू आहे. विषाणूला पेशीत शिरायला आधी तिच्यावर पकड मिळावी लागते. याला आपल्या नाकाघशात ती फारशी मिळत नाही, म्हणून शिंका आल्या नाहीत. पण फुप्फुसाच्या पार तळाशी हवेचे बारीक फुगे असतात, तिथे मिळते. एरवी तो इतक्या खाली सहसा पोचत नाही. यांनी मात्र त्याला श्वासाबरोबर खोल ओढून घेतलाय. आता त्या फुग्यांत पाणी भरतंय. कोंबड्यांशी, पिसांशी कुठे संबंध आला होता का?"

कारखानदाराने ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला. "नाही. कुठेच नाही."

आणि बायकोकडे डोळे वटारून पाहिलं. जीव घशाशी आला होता, तरी याला ऑर्डरची पडली होती. तिला त्याची किळस आली. गप्प बसायची तिला सवय होती. पण आत्ता, या घटकेला, नणंद घरी त्या पिसांच्या खोलीत बसली होती.

"पिसं आहेत," ती म्हणाली. "न धुतलेली, बंद खोलीत. यांची बहीण अजून तिथेच काम करतेय."

"आधी तिला बाहेर काढा. औषध वेळेत सुरू झालं तर फरक पडतो."

तिने तिथूनच फोन लावला. पलीकडे ब्लोअर घुमत होता.

"वन्सं, ते बंद करा आणि बाहेर या. त्या पिसांत रोग आहे. यांना त्यानेच झालंय."

"तुम्ही तुमच्या शिंका सांभाळा, वहिनी. दादाने आज ऑर्डर संपवायला सांगितलीय. दादा म्हणाला तरच उठेन."

बायकोने फोन स्पीकरवर टाकून त्याच्या तोंडाशी धरला. "सांगा तिला. बाहेर ये म्हणा, बस."

त्याने फोनकडे पाहिलं, डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. दोन शब्दांपुरताच श्वास उरला होता. तो त्याने मोठ्या कष्टाने गोळा केला.

"किती... झाल्या?"

बायकोने फोन मागे घेतला नाही. पलीकडून ब्लोअरची घरघर येत राहिली. मग बटण खटकन वाजलं, घरघर थांबली आणि दाराची कडी निघाल्याचा आवाज आला.