झाकणाखाली थांबलेले दोन तास

बोंडअळीनं बोंडं पोखरली, ते वर्ष. कापसाचा विषय निघाला की माणसं पानठेल्यावरून उठून जायची, आणि गावात घरोघरी भरतीची पुस्तकं दिसायला लागली होती. आमच्या घरी बहीण तलाठी भरतीची तयारी करत होती. शंभर प्रश्न, दोन तास. अभ्यास तिचा पक्का होता, पण वेळ पुरायचा नाही. शेवटचे वीसेक प्रश्न दरवेळी राहून जायचे.

मी नागपूरची नोकरी सुटल्यावर गावी, बोरी अरबला, घरी येऊन बसलो होतो. बसलो म्हणजे अगदी खरोखरच बसलो होतो. म्हटलं, बहिणीसाठी काहीतरी करावं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स होतं. त्याच्या पडद्यावरच्या पट्टीत, घड्याळाच्या जागी, उलटी गणती दाखवणारं एक एक्स्टेंशन, म्हणजे छोटासा जोडप्रोग्राम, मी लिहिलं. दोन तास लावायचे, सेकंद कमी होत जातात, शून्य झालं की घंटी. एवढंच. पण माझा तोरा असा, की भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून उतरवलं, आईचं चावीचं गजराचं घड्याळ कपाटात टाकलं आणि बहिणीचा मोबाइलही काढून घेतला. आता घरात वेळ सांगणारा मी एकटा.

आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही आणि लॅपटॉपची बॅटरी म्हाताऱ्या बैलासारखी, चार पावलं चालली की बसायची. म्हणून मी तिला बजावलं, लाइट गेली की झाकण मिटून ठेव, वेळ पाहायची तेवढंच उघड. ती कागदावर पेपर सोडवायची, लाइट गेली की झाकण मिटायची, मधूनमधून उघडायची, पाहायची, पुन्हा मिटायची. आणि चमत्कार! पंधरा दिवसांत तिचे शंभरच्या शंभर प्रश्न होऊ लागले, वर वेळ उरायला लागला.

"दादा, आज अठरा मिनिटं उरले!" ती ओरडायची. मी मिशीवर ताव द्यायचो. मिशी नव्हती, तरी द्यायचो.

कापूस वेचून आलेली आई एकदा कमरेला बांधलेली कापसाची ओटी सोडत म्हणाली, "काहून रे, तुह्या दोन घंट्यात माह्या दोन ओट्या जास्त वेचून होतात. हे पोरगी अजून बसूनच हाय."

"आई, हे कॉम्प्युटरचं काम हाय. तुले नाही समजत," मी म्हणालो. वा रे शहाण्या!

मग हौस आली, की एक्स्टेंशन जगाला द्यावं. पाठवलं. लिनक्सवाल्यांच्या ज्या संकेतस्थळावर अशी एक्स्टेंशनं ठेवतात, तिथं कुणीतरी परदेशी माणूस फुकटात कोड तपासतो. त्यानं चार दिवसांनी नामंजूर केलं. म्हणे, तुम्ही सेकंद मोजत बसता, संगणक झोपला की तुमची मोजणीही झोपते. संपायची वेळ लिहून ठेवा आणि ती घड्याळाशी ताडून पाहा. दोन ओळींचं काम आहे.

माझं डोकंच सणकलं. मी दोन पानी इंग्रजी उत्तर ठोकलं. आमच्या ग्रामीण भागात वीज जाते, तेव्हा गणती थांबावी हे मुद्दामच केलेलं आहे, तुम्हाला इथली परिस्थिती ठाऊक नाही, वगैरे वगैरे. पडलो तरी नाक वर.

त्याचं उत्तर एका ओळीचं आलं: "वीज गेली की तुमच्याकडे घड्याळंही थांबतात का?"

याला आता पुराव्यानिशी गप्प करायचं म्हणून मी आईचं घड्याळ कपाटातून काढलं, चावी दिली आणि बहीण पेपरला बसली तशी ते मांडीवर घेऊन मागे बसलो. दोन तास झाले. ती एकोणऐंशीव्या प्रश्नावर होती. तिनं झाकण उघडलं, लॅपटॉप म्हणाला, अजून चाळीस मिनिटं आहेत. मधे लाइट गेली तेव्हा झाकण मिटलेलं होतं, तेवढा वेळ गणतीही झोपली होती. परीक्षा आठ दिवसांवर होती.

मी तिला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं घड्याळ माझ्या मांडीवरून उचलून पेपरशेजारी ठेवलं. "आठ दिवसांत काय होते, दादा?"

त्या दोन ओळी मी पाच मिनिटांत लिहिल्या. एक्स्टेंशन मंजूर झालं. परीक्षेत तिचे सतरा प्रश्न राहिले आणि यादीत नाव आलं नाही.

निकालानंतर मामा-मामी आले. मामांनी विचारलं, "काहून बाई, एवढा अभ्यास केला, मंग कुठं अडलं?"

"माहीच तयारी कमी पडली, मामा," ती म्हणाली.

मी तिथंच बसलो होतो, चहाची बशी हातात धरून. अनोळखी माणसाशी दोन ओळींसाठी दोन पानं भांडणारा मी, पण तेव्हा माझ्या तोंडून एक वाक्य निघालं नाही. फार लाज वाटली, आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवा पेपर घेऊन बसली. मी लॅपटॉपकडे हात नेला.

"ते राहू दे, दादा," ती म्हणाली. "तू फक्त आईच्या घड्याळाले चावी दे."

मी चावी दिली.