मामाचा डावा हात

मामाचा हात मी तोडला.

आज सकाळी किरनापुरात मामा गेला. नामदेव मामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ. तुमच्यापैकी बरेच जण त्याला "घाटात ट्रक ठोकणारा थोटा ड्रायव्हर" म्हणून ओळखता.

ट्रक त्याने ठोकला नव्हता.

एकोणसत्तर साल असेल. मी वीस वर्षांचा, लायसन्स नाही. मामा मँगनीजचा ट्रक चालवायचा आणि रिकाम्या रस्त्यावर मला शिकवायचा.

शिकवायचा म्हणजे मारायचा.

क्लच अर्धा दाबला, बोटांवर पाना. आरसा पाहिला नाही, पाना. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. मनातल्या मनात मी त्याला रोज दरीत ढकलायचो.

सगळ्यात जास्त मार न्यूट्रलवरून. उतार लागला की इंजिन बंद करायचं आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडून द्यायची, यालाच तेव्हा हुशारी म्हणायचे. डिझेल वाचतं म्हणून सगळे ड्रायव्हर करायचे.

मामा नाही.

"इंजिन बंद म्हंजे ब्रेकचा अर्धा जीव गेला. ज्या गिअरमधी चढला, त्याच गिअरमधी उतरायचं. समजलं काय बे?"

"हौ."

काही समजलं नव्हतं.

बैहरच्या घाटात, भरलेल्या गाडीत, मामा बिडी पेटवायला खाली वाकला. मी इंजिन बंद केलं आणि न्यूट्रल टाकलं. मलाही येतं हे त्याला दाखवायचं होतं.

"काहून बंद केली बे?" तो ओरडला, तोवर एक वळण गेलं होतं.

ब्रेक दगडासारखा कडक. गिअर पडेना, नुसता खरखरत होता. समोर बैलगाडी.

गाडीवान उडी मारून वाचला. बैल नाही वाचले. चाकाखालून त्यांचा जो आवाज आला, तो मला आजही ऐकू येतो.

उजवीकडे दरी, डावीकडे डोंगर. मामाने माझ्या हातातून स्टेअरिंग हिसकावलं आणि डावीकडे ओढलं.

स्वतःच्या बाजूला.

एकीकडे दरवाजा, एकीकडे खडक, मध्ये खिडकीबाहेर टेकलेला त्याचा डावा हात.

मी उडी टाकून बाहेर. त्याचा दरवाजा खडकात रुतलेला, म्हणून तो माझ्या दरवाजातून सरपटत आला. हात कोपरापासून लोंबत होता. तेवढ्यात लोक काठ्या घेऊन धावत आले.

"ड्राइवर कौन है?"

मी तोंड उघडलं. मामाने एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"मैं."

मग काठ्या. डोक्यावर, पाठीवर, त्या तुटलेल्या हातावरसुद्धा. त्याचे दोन दात मातीत पडलेले मी पाहिले. मी चार पावलांवर उभा होतो आणि एक शब्द बोललो नाही.

दवाखान्यात हात कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्याने मला जवळ बोलावलं आणि उरलेल्या हाताने अशी थोबाडीत दिली की कान दोन दिवस वाजत होता. मला वाटलं, गप्प राहिलो म्हणून.

"न्यूट्रल काहून केलं?"

एवढंच. बाकी काही नाही, कधीच नाही.

पुढे मला सरकारी जीपवर ड्रायव्हरची नोकरी मिळाली. नंतर कितीतरी वर्षं नव्या ड्रायव्हरांना शिकवलं. कोणावर हात उगारला नाही. पण पहिल्याच दिवशी प्रत्येकाला सांगायचो, माझ्या मामाने घाटात न्यूट्रल केलं आणि हात गमावला.

त्याचं नाव घेऊन सांगायचो. लाज वाटायची, तरी सांगायचो.

मामाच्या मुलीच्या लग्नात माझ्या एका विद्यार्थ्याने ही गोष्ट नेमकी मामालाच विचारली. माझा घास हातातच राहिला.

मामा जेवता जेवता म्हणाला, "हौ, मीच केलं होतं. तुमी नका करू."

मग मला बाजूला घेतलं. "सांगत जा. पोट्टे वाचतीन."

आज त्याच्यावर पांढरी चादर घालताना डावी बाही रिकामी होती. ती मी उगाच सारखी करत बसलो. सगळ्यांसमोर बोलायचं ठरवून गेलो होतो. तिथेही जमलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

माझ्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यांनो, तो पहिल्या दिवसाचा धडा दुरुस्त करून घ्या.

न्यूट्रल मी केलं होतं. मामाने आयुष्यात कधीच केलं नाही.

मामा, ड्रायव्हर मी होतो.

जय भीम.