बद्रीनाथचा सिनेमा आणि राजकुमारची माय

पिशोरच्या समाजमंदिरापुढं भीमजयंतीला दरवर्षी कार्यक्रम व्हायचा, आणि त्यात दोन पोरं नकला करायची. एक राजकुमार, दुसरा बद्रीनाथ. लिहायचा राजकुमार, माइक धरायचा राजकुमार, सरपंचाची आणि एसटीच्या कंडक्टरची नक्कल करायचा तोही राजकुमारच. बद्रीनाथ बाजूला उभा राहून मान हलवायचा आणि मध्येच एखादं वाक्य टाकायचा. ते वाक्यही आपणच त्याला लिहून दिलेलं असायचं, हे राजकुमार आज पंचेचाळिशीतही सांगतो, कुणी विचारो न विचारो.

पुढं राजकुमारचे वडील वारले. माय केसरबाई दिवसभर लोकांच्या शेतात निंदायला जायची; संध्याकाळी ती आली की दोघं पोरं आधी तिच्यापुढं नकला करायची. राजकुमारनं आयटीआय केलं, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर लागला, यथावकाश पर्मनंट झाला. मेघाशी लग्न केलं, दोन खोल्या बांधल्या, मायला शहरात आणलं. तोवर बद्रीनाथ मुंबईला गेला होता. कुणाच्या तरी नाटकात पडदा ओढता ओढता तो टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात दिसला, आणि बघता बघता एवढा गाजला की कारखान्याच्या कँटीनमध्ये डबे उघडले की लोक आधी त्याचा व्हिडिओ लावायचे.

राजकुमारनं त्याचा एकही भाग चुकवला नाही. त्याच्याएवढा चाहता शोधून सापडला नसता. पण बघायची तऱ्हा निराळी. सगळे हसले की हा म्हणायचा, "हे आमचं जुनंच हाय. पिशोरला केलतं." नसलं तरी म्हणायचा. घरी मेघा पोट धरून हसायची तेव्हा हा टीव्हीऐवजी तिच्याकडंच बघत बसायचा. एकदा न राहवून तो तिला म्हणाला, "मी सांगतो तवा तू इतकी हसत नाय."

"तुम्ही आधीच बजावता ना, आता हसू येणार हाय म्हणून," ती म्हणाली.

मग बातमी आली की बद्रीनाथनं स्वतः सिनेमा काढलाय, आणि तो विनोदी नाही. राजकुमारला आतून बरं वाटलं. हसवणारा माणूस गंभीर व्हायला गेला की तोंडावर पडतो, अशी त्याची खात्री होती. ते पडणं डोळ्यांनी बघायला म्हणून पहिल्याच रविवारी तो मेघाला आणि मायला घेऊन थिएटरात गेला.

सिनेमा एका मजूर बाईचा आणि तिच्या नकलाकार पोराचा होता. पहिला अर्धा तास राजकुमार चुका वेचत बसला. या दिवसांत कापूस इतका वाढत नाही, या गावात कुणी असं बोलत नाही. मग तो प्रसंग आला. बाई शेतावरून येऊन चुलीपुढं बसलीय. पोरगा दारातच नक्कल सुरू करतो. बाई तोंडाला पदर लावते, तिचे खांदे गदगदा हलतात, आणि पोरगा आणखी रंगात येतो. कॅमेरा हळूहळू बाजूला सरकत पदराच्या आड जातो. तिथं तोंड मिटलेलं असतं. चेहरा दमलेला, सुकलेला. बाई नुसते खांदे हलवत असते.

राजकुमारचं चुका वेचणं थांबलं. पदर तसाच, खांदे तसेच. त्याची माय अशीच हसायची. आपल्याला बाकी जगानं ओळखलं नाही, पण माय तरी पोटभर हसली, यावर तो इतकी वर्षं तगला होता. त्यानं शेजारी पाहिलं. केसरबाई एकटक पडद्याकडं बघत होती.

घरी आल्यावर ती लसूण सोलत बसली. तो समोर बसला.

"माय, त्या बाईवानी तू करायची का?"

"व्हय," ती म्हणाली. जराही अडखळली नाही.

"माझ्या नकलेला?"

"दिवसभर निंदून यायचे मी. तू दारातच सुरू व्हायचा. हसू कुठून आणू? पण तुझं तोंड बघितलं की वाटायचं, याला कळू नाय."

"आन् बद्री बोलायचा तवा?"

"आवडलं तर हसायचे, नाय तर गप बसायचे. त्याच्यासाठी कशाला पदर लावू? ते काय माझ्या पोटचं हाय?"

दोन दिवस तो मायच्या पदराकडं बघत राहिला. बद्रीनाथचं नाव, गाडी, मुंबईतलं घर, हे सगळं त्यानं कसंबसं पचवलं होतं. पण माय तर याच्या घरातली. रोज याच्यासमोर बसलेली. तिच्या पदराआडचं त्या दुसऱ्याला दिसावं आणि आपल्याला दिसू नये, हे काही केल्या पचेना. तिसऱ्या दिवशी त्यानं पिशोरहून बद्रीनाथच्या भावाकडून नंबर घेतला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा फोन लावला.

"तुला कसं दिसलं ते?" त्यानं नाव सांगून थेट विचारलं.

काय दिसलं, हे बद्रीनाथनं विचारलं नाही. "तू समोर बघून बोलायचा, राजा. मी बाजूला उभा. मला दुसरं काम काय होतं?"

"मग तवाच सांगायचं ना."

"सांगणारच होतो. तेवढ्यात तू म्हणला, बघ माझी माय कशी हसती. मग नाय सांगता आलं." मग त्यानंच विचारलं, "राग आला का?"

"राग नाय. जळलो."

"मी पण जळायचो तवा," बद्रीनाथ म्हणाला. "माझ्या घरी कुणी खोटंसुद्धा हसत नव्हतं."

मायची तब्येत बरी आहे, एवढं सांगून राजकुमारनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये एकानं विचारलं, "काय म्हणतो दोस्ताचा पिच्चर?" ठीक हाय, जरा लांबलाय, हे उत्तर राजकुमारनं कधीचं तयार ठेवलं होतं. त्याऐवजी तो सांगत बसला. चूल, पदर, खांदे, सगळं सांगितलं. ती बाई कुणाची माय, तेवढं मात्र सांगितलं नाही. डब्यातली भाजी निवून गेली. शेवटी म्हणाला, "जाऊन बघा. मला नसतं जमलं ते." हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. भोंगा झाला आणि सगळे उठले.

त्या आठवड्यात मेघा शेजारच्या बायांना घेऊन पुन्हा सिनेमाला गेली. हा गेला नाही. ती परतल्यावर तिनं चपला काढायच्या आधीच त्यानं विचारलं, "लोक कुठं कुठं रडले?" तिनं सांगितलं. ऐकताना तो पुन्हा जळला. तरी त्यानं तिला पाणी दिलं, समोर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून परत सांगायला लावलं.