खाजवणाऱ्या पिल्लाईचे आरोपी

सुनबाई मांगंच लागली, "आबा, गिनीपिगचं लिहा न!" मी तिसरीत शाळा सोडली. मास्तरानं लिहाले लावलं तवा नाई लिहिलं, आता काऊन लिहू? पण नाई म्हटलं का इथं चहाच येत नाई.

अन् घरात जनावर आलं का किस्से त्याच्या लेंड्यावानी होतात. आज झाडा, उद्या पुन्हा ढीग!

* * *

पिल्लं आणली व्याह्यानं. सुनेचे वडील दिगंबरराव, आदिलाबादले राह्यतात, इस्त्रीचा सदरा घालतात. नातीच्या वाढदिवसाले खोक्यात दोन पिल्लं घेऊन आले. "गिनीपिग! शहरात सगळ्याइच्या घरी असतात."

शेजारचा किसन वाकून पाहे. "भाऊ, उंदीर हाय का ससा? शेपटी कुठी गेली?"

म्हटलं, "व्याह्याले विचार. आणली त्यानं."

* * *

आठ-पंधरा दिवसांत पिल्लं खाजवाले लागली. लहानं तर खाजवता खाजवता कोलमडे अन् किंचाळे. कानामांगचे केस गेले, खपल्या धरल्या. मंग त्यानं पालाही सोडला. ते पाहून नात पल्लवीनं भाकर सोडली. पोरगी खोक्यापाशी बसे, उठेच ना!

व्याही धावत आले. पिल्लाकडे पाह्यलं नाई, माझ्याकडे पाह्यलं. "व्याहीबुवा, तुमच्या घोंगडीतून लागलं हे. किती वर्सं धुतली नाई?"

झालं! सुनेनं माझी घोंगडी हंड्यात उकळली. निघाली तवा हातरुमालाएवढी! माझी बाज गोठ्यात गेली. बायको मागून ओरडे, "बैलाईपासून दूर टाका! त्याईले लागलं तर नांगर कोण ओढंन?"

* * *

किसन तर सरळ वावरातून आला, पाठीवर फवाऱ्याचा पंप! "कपाशीवरचे तुडतुडे पटापट मरतात भाऊ, हे किडे काय चीज हाय? धरा पिल्लू!"

बायको दारात झाडू घेऊन उभी. "आधी तू पिऊन दाखव!"

किसन पंपासगट परत गेला. त्या बाईनं आयुष्यात एकदाच माझ्या मनातलं केलं.

* * *

मंग पिशवीत पाला घालून दोन्ही पिल्लं इचोड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेली. पल्लवी संगं. रांगेत सगळ्या म्हशी. एक मालक विचारते, "बाबा, तुमचं जनावर कुठी हाय?"

पिशवी उघडून दाखोली.

"दूध किती देते?"

"मुतते फक्त!"

डॉक्टरीणबाई तेलुगु, मले "ताता" म्हणजे आजोबा म्हणे, पण मराठी बोले. भिंगातून कातडी पाह्यली. "ताता, बारीक किडे आहेत, कातडीत घुसतात. औषध थेंबाचं आहे, वजनावर द्यायचं. जास्त झालं तर पिल्लू मरेल. वजन सांगा."

पल्लवीनं माझं धोतर घट्ट धरलं.

शेजारच्या खताच्या दुकानात पोतं मोजाचा काटा होता. लहानं ठेवलं तर काटा हलेच ना. मंग गेलो सोनाराकडं. त्याचा काटा बारीक. त्यानं रुमाल हातरला, मोठं तोललं, मंग लहानं ठेवलं, डोळे बारीक केले. "चौदा तोळे," म्हणे, "लेंड्या धरून."

मांगं एक बाई उभी होती. पुढं काय हाय ते तिले दिसेच ना. "अगं माय! चौदा तोळे! पोरगी कोणाच्या घरी देऊन राह्यले आजोबा?"

* * *

डॉक्टरीणबाईनं वजन पाहून दोघाईच्या मानेवर थेंब टाकले. म्हणे खोकं फेका, नवं घर करा, पाला रोज बदला, दोन हप्त्यांनी दोघाईले पुन्हा आणा. पल्लवीनं सगळं केलं. एक दिवस ते लहानं तोंड वर करून कोथिंबीर मागाले लागलं. पल्लवीनं तिथंच माझ्या ताटातली भाकर उचलली अन् खाल्ली. माझ्या ताटातली!

* * *

मंग आमच्या गावात बैलाईच्या लसीचं शिबिर झालं, आमच्याच अंगणात. तीच डॉक्टरीणबाई आली. व्याहीही आले होते. खुर्ची माझ्यापासून हातभर दूर ओढून बसले, नाकाले रुमाल.

मी चारचौघात विचारलं, "बाई, खरं सांगा. हे किडे माझ्या घोंगडीतून आले काय?"

बाई हसली. "नाही ताता. हे त्यांच्यातच असतात. जिथून पिल्लं आणली, तिथूनच आले."

सुनबाई बापाकडे पाहे. व्याही बैलाकडे पाहे.

पल्लवीनं विचारलं, "नानाजी, तुमी मले खाजवाली पिल्लं देली?"

व्याही उठले, सदरा झटकला. "बसची वेळ झाली माझी!"

आमच्या गावात बस सकाळीच येते. तेव्हा दुपार होती. व्याही फाट्यावर झाडाखाली जाऊन बसले, एकटेच. शेवटी सुनेनं पल्लवीच्या हातानं चहा पाठोला. थोड्या वेळानं पल्लवी रिकामा कप घेऊन आली.

मी म्हटलं, "काय म्हणे? माझ्यासाठी काई निरोप?"

"हो," म्हणे. "म्हणाले, आबाले सांग, साखर कमी होती."

असे हे दिगंबरराव!