येळवशीला पडलेला सर्व्हर

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, अख्खं लातूर शेतात जेवायला जातं. मीही चाकूरच्या शेतात कडब्याच्या कोपीपुढं भज्जी-भाकर खात बसलो होतो. तेवढ्यात किनवटहून एका विद्यार्थिनीचा फोन आला. तिकडं कसली सुट्टी! "सर, कॉलेजची साईट उघडंना झालीय. फॉर्मचा आज शेवटचा दिवस हाय!"

साईटचं नाव टाकलं की तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर मीच सांभाळतो. मोबाईलवरून पाहिलं तर तो बंद. चालू केला, दोन मिनिटांत पुन्हा पडला. जोडीला ठेवलेला दुसराही पडलेला. मला वाटलं, कुणीतरी पासवर्ड चोरून आत घुसलंय. सर्व्हरच्या नोंदी उघडल्या आणि हातातला घास हातातच राहिला. आत कुणीच आलं नव्हतं. बाहेरून कुणीतरी पत्ता विचारणारा एक वेडावाकडा प्रश्न पाठवत होतं आणि तो वाचताच सर्व्हर कोसळत होता. एका प्रश्नानं? अरे, हा काय सर्व्हर आहे का बुजगावणं!

सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना शिव्या घालतच मेल उघडला. याच दोषाची दुरुस्ती त्यांनी आठ दिवसांपूर्वी पाठवली होती. सहकाऱ्यानं ती मला पुढं धाडून विचारलं होतं, "आज बसवू का?"

खाली माझं उत्तर होतं, "येळवस होऊ दे की."