ऑर्लिन गॅस्किनचे काळे जोडे

ऑर्लिन गॅस्किनविषयी माझ्यापेक्षा बरं लिहिणारे पुष्कळ असतील. पण त्याच्याविषयी कुणी लिहिणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून जमेल तसं लिहितो.

अलाबामातल्या आमच्या विद्यापीठात अमेरिकन फुटबॉल संघाची सामानाची खोली मी एकतीस वर्षं सांभाळली. हेल्मेटं, खांद्यांची पॅडं, बूट, धुलाई. हंगाम संपला की झिजलेले बूट सुरीने चिरून टाकायचे, हेही माझंच काम. न चिरता टाकले तर पोरं ते विकून चार पैसे करतील, आणि विद्यापीठाच्या खेळाडूने खेळातून एक पैसाही घ्यायचा नाही, असा तेव्हा नियम होता. शेकडो जोड मी चिरले. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा मनात आलं नाही.

ऑर्लिन एक्याण्णव साली आला. साडेसहा फूट उंची, सतरा नंबरचा पाय. पहिल्या दिवशी बूट मागताना इतका ओशाळला होता, जणू पाय मोठा असणं ही त्याची चूक. चेंडू फेकणाऱ्या गड्याच्या अंगावर कुणाला येऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. चार वर्षांत त्याने स्वतः चेंडू हातात धरलेला मला आठवत नाही. शनिवारी ऐंशी हजार माणसं ओरडायची आणि त्याच्या पाठीवरच्या आकड्याचा सदरा विद्यापीठाच्या दुकानात खपायचा. रविवारी संध्याकाळी खेळाडूंची खानावळ बंद असे. तेव्हा तो माझ्या खोलीत धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसायचा आणि पाणी पीत राहायचा. मी समजायचो, पण काही देता येत नसे. कर्मचाऱ्याने खेळाडूला साधं सँडविच दिलं तरी गुन्हा.

गावात यावरून वाद व्हायचे. न्हावी क्रचर म्हणायचा, "फुकट शिकतात, फुकट खातात, आता काय डोक्यावर घेऊन नाचायचं?" खुर्चीत बसलेला म्हातारा टोलिव्हर म्हणाला, "शनिवारी नाचतोसच की." सगळे हसले. मीही हसलो. माझं मत कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी ते सांगितलं नसतं.

ऑर्लिनला शाळेत सुतारकाम शिकवणारा मास्तर व्हायचं होतं. त्याला वाढवलं ते व्हरडेल मावशीने. घराण्यात पहिली पदवी तूच आणायची, असं तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. फुकट शिक्षणाचं पत्र मात्र एकेका वर्षाचं असे. दर उन्हाळ्यात प्रशिक्षक सही करील तर पुढचं वर्ष.

चौथ्या हंगामात, ऑक्टोबरात, मावशी गेली. ऑर्लिन माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मिस्टर हॉलिस, मला सरावाच्या बुटांत चर्चमध्ये जाता येणार नाही." एवढंच. मागितलं काहीच नाही. त्याच्या मापाचे काळे जोडे गावात मिळत नव्हते. मी त्याला गाडीत घातलं, बर्मिंगहॅममध्ये थोराड मापाच्या माणसांचं दुकान होतं तिथून जोडे घेतले, वाटेत दोनदा जेवू घातलं आणि दफनाला नेऊन परत आणलं. येताना तो जोडे मांडीवर घेऊन बसला होता. गाडीत माती होईल म्हणाला.

जानेवारीत दरवर्षीप्रमाणे विद्यापीठाच्या कचेरीतून कागद आला. नियमभंग आपल्या पाहण्यात आलेला नाही, असं लिहून खाली सही करायची. बाकीचे न वाचताच सही करायचे. मी चर्चमध्ये पोरांची रविवारची शाळा चालवणारा माणूस, मला ते जमलं नाही. वाटलं, खरं सांगितलं तर कोण काय म्हणणार, दफनच तर होतं. मी लिहिलं: काळ्या जोड्यांचा जोड एक, जेवणं दोन, गाडीने नेलं आणि आणलं. खाली सुवाच्य सही केली.

तीन आठवड्यांनी प्रशिक्षक गेंट्रीने बोलावलं. त्याच्यासमोर माझा कागद होता.

"हॉलिस, हे मला आधी तोंडी सांगायला काय झालं होतं तुला?"

मी म्हणालो की कागदावर विचारलं होतं, म्हणून लिहिलं.

"तू प्रामाणिक आहेस," तो म्हणाला. शिवी द्यावी तसा.

ऑक्टोबरनंतर ऑर्लिन जितके सामने खेळला, ते नियमाबाहेरचे ठरले. जिंकलेले पाच सामने वह्यांतून खोडले गेले. गावाने दोष गेंट्रीला दिला नाही, मलाही दिला नाही. क्रचरच्या दुकानात लोक म्हणत, जोड्यांसाठी पोराने आपल्याला विकलं. मला समज देणारं एक पत्र मिळालं, पगार चालू राहिला. गेंट्रीला त्याच वसंतात नवा करार मिळाला, तळ्याकाठच्या घरासकट. ऑर्लिनचं पत्र त्या उन्हाळ्यात आलं नाही. पदवीला चार विषय उरले होते.

गेंट्रीकडे जाऊन ऑर्लिनसाठी शब्द टाकावा असं मी ठरवलं होतं. दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा दार बंद होतं, आणि मी ठोठावलं नाही.

आता दिवस बदलले आहेत. आमच्या संघातल्या एकोणीस वर्षांच्या पोराचा चेहरा मोटारीच्या जाहिरातीत दिसतो आणि त्याचे पैसे त्याला मिळतात. कायदेशीर आहे. चांगलंच आहे, मिळायलाच हवेत. पण ती जाहिरात लागली की मी टीव्ही बंद करतो.

गेल्या वर्षी मी ऑर्लिनला शोधून काढलं. तो काँक्रीटचा ट्रक चालवतो. मी गेलो तेव्हा तो फिरत्या पिंपातलं वाळलेलं सिमेंट हातोडीने काढत होता. गुडघा वाकत नव्हता, म्हणून एक पाय लांब करून बसला होता. मी ओळख सांगण्याआधीच म्हणाला, "या, मिस्टर हॉलिस."

गाडीत पाठ केलेलं सगळं मी सांगितलं. चूक माझी होती, माझ्या सहीने तुझं वाटोळं झालं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्ही लिहिलं ते खरंच होतं ना? मग झालं."

झालं नव्हतं. मी म्हणालो की ते चार विषय अजून पुरे करता येतात, मी चौकशी केली आहे. फी मी भरतो. आता कुणी काही म्हणणार नाही.

हातोडी थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"मिस्टर हॉलिस," तो म्हणाला, "तुम्ही मला काही देऊ नका."

आणि पुन्हा पिंपात डोकं घालून ठोकू लागला. आतून आवाज इतका येत होता की निघतो म्हटलेलं त्याला ऐकू गेलं नसेल.